गाडीच्या आधी चालणारी माणसं

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं की दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो: "पाऊस पडला म्हणून गाडी एवढी हळू कशाला चालवायची?" माझ्या नात्यातले चाकरमानीही हेच विचारतात. त्यांचा दोष नाही. डब्यात बसलेल्याला बाहेर काळोख दिसतो आणि खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी. त्या काळोखात रुळांच्या कडेने कोण चाललेलं असतं आणि त्याने काय पाहिलं म्हणजे गाडी पुढे सुटते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी ते काम केलं आहे. लांजा तालुक्यात, आडवली आणि विलवडे या स्टेशनांच्या आसपास, आधी ट्रॅकमन म्हणून आणि पुढे गँगचा मुकादम म्हणून माझी सारी नोकरी गेली. म्हणून हे सांगायला बसलो आहे.

आमच्या घरची थोडी जमीन या मार्गात गेली. जमीन गेलेल्या घरांतल्या मुलांना नोकरीत प्राधान्य होतं, तसा मी लागलो. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग. काम १९९० मध्ये सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला तो संपूर्ण खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. हे आकडे लोकांना अभिमानाने सांगितले जातात आणि तो अभिमान रास्तच आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये जे असतं, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. बोगदाही नाही, पूलही नाही, अशा ठिकाणी डोंगराची सोंड मधोमध कापून रूळ काढलेले असतात. त्याला आम्ही कटिंग म्हणतो. पावसाळ्यातली आमची निम्मी झोप या कटिंगांनी खाल्ली.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद आहे. डोंगराच्या सोंडा पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतात, नद्याही तशाच. रेल्वे मात्र उत्तर-दक्षिण जाते. म्हणजे प्रत्येक सोंड तिला कापावी लागते आणि प्रत्येक नदी ओलांडावी लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो, तिथे असं आडवं जाणं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक वहाळाशी, प्रत्येक पऱ्याशी गाठ. डोंगर हजारो वर्षं आपल्या उतारावर निवांत बसलेला असतो. त्याचा पाय कापला की वरची माती नव्याने जागा शोधू लागते, आणि ते शोधणं एका पावसाळ्यात संपत नाही.

आमच्या भागात वर सडा आहे, म्हणजे जांभ्याचा कातळ. जांभा दिसायला राकट, पण त्याला भोकंच भोकं. पाणी त्यातून सरळ खाली मुरतं. खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळी चिकण माती असते. ही माती कोरडी असताना कुदळीला दाद देत नाही; पाणी प्यायली की साबणाच्या वडीसारखी निसटते. वरचा जांभा मग अख्खाच्या अख्खा पुढे सरकतो. रत्नागिरीजवळच्या निवसरला तर रुळांखालची जमीनच वर्षानुवर्षं हलत राहिली आणि इंजिनिअर मंडळींना तिच्याशी झुंजावं लागलं. जिथे जांभा नाही तिथे काळवत्री दगड. तो कणखर, पण त्याला भेगा असतात. त्या भेगांत झाडाची मुळं शिरतात, उन्हाळ्यात दगड तापतो, फटी रुंदावतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्या फटीत घुसून धोंडा सुटा करतं.

म्हणून जून महिना मला सगळ्यांत वाईट वाटतो. लोकांना वाटतं, जुलैच्या झडीत धोका जास्त. जुलैत माती भिजून जड होते आणि दरडी येतात, हे खरंच. पण सुटे झालेले दगड मृगाच्या आणि आर्द्राच्या पहिल्या सरींतच खाली येतात. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीतली विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांना धडकली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, मत्स्यगंधा एक्सप्रेस करंजाडीजवळ आंबवलीच्या पुलापाशी अशाच दगडांमुळे घसरली आणि इंजिनासकट डबे पुलावरून खाली गेले. दोन्ही अपघात जूनमधले, पाऊस लागून फार दिवस झालेले नव्हते. ते आमच्या टप्प्यातले नव्हते. तरी वैभववाडीची बातमी आमच्या गँगच्या खोलीवर आली तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही. आमचे मुकादम उठले, रेनकोट चढवला आणि पाळी नसताना कटिंग बघायला निघाले. आम्ही सगळे त्यांच्या मागे गेलो.

त्या दोन वर्षांनंतर बरंच बदललं. कटिंगांचे उभे कडे तासून त्यांना पायऱ्या पाडल्या गेल्या, म्हणजे वरून सुटलेला दगड वाटेतल्या पायरीवर अडतो. दगडी कड्यांवर लोखंडी जाळ्या आल्या, काही ठिकाणी सिमेंटचा फवारा मारून भेगा बंद केल्या. उतारावर वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत लावलं. आणि पावसाळ्यापुरतं वेगळं वेळापत्रक आलं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं झालं. वीर ते कणकवली या सगळ्यांत नाजूक टप्प्यात अलीकडे पावसाळ्यात ताशी ७५ किलोमीटरची मर्यादा असते. मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं तर लोको पायलटने वेग ४० वर आणायचा, असा हुकूम आहे.

हे ४० कुठून आलं, ते प्रवाशांना समजलं पाहिजे. गाडीचा वेग निम्मा केला की ती थांबायला लागणारं अंतर निम्मं होत नाही, साधारण चौथा हिस्सा होतं. पूर्ण वेगातल्या एक्सप्रेसला ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकतं. रात्रीच्या पावसात इंजिनाच्या दिव्याचा झोत जेमतेम दोन-तीनशे मीटर पोचतो, धुकं असेल तर त्याहून कमी. म्हणजे भर वेगात दगड दिसेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. चाळीसच्या वेगात मात्र दिव्यात दिसलेल्या दगडाआधी गाडी उभी करता येते. तुमच्या प्रवासात जास्तीचे तास जातात ते या हिशेबापोटी. मला तो हिशेब पूर्णपणे पटलेला आहे.

पण वेग कमी करणं हा दुसरा बंदोबस्त. पहिला बंदोबस्त म्हणजे गाडीच्या आधी माणूस चालून गेलेला असणं. त्याला आम्ही पेट्रोलिंग म्हणतो.

पेट्रोलमनला ठरावीक टप्पा नेमून दिलेला असतो, तो त्याचा बीट. रात्रीच्या प्रवासी गाड्या कधी जाणार ते पाहून चालण्याचा तक्ता बनवलेला असतो. पेट्रोलमन जाऊन आणि गाडी येऊन यांत कमीत कमी वेळ जावा, अशा बेताने तो आखतात. टप्प्याच्या टोकाला पलीकडच्या बीटवरचा माणूस भेटतो. दोघांनी एकमेकांच्या वह्यांची अदलाबदल करायची, सह्या करायच्या आणि परत फिरायचं. ती वही स्टेशनात पोचली नाही, पेट्रोलमन वेळेवर उगवला नाही, तर स्टेशन मास्तर काहीतरी बिनसलंय असंच धरून चालतो. गाड्या थांबवून लोको पायलटला सावधगिरीचा लेखी आदेश दिला जातो आणि मगच गाडी हळूहळू सोडली जाते. याशिवाय जी कटिंगं फार बदनाम आहेत, तिथे चोवीस तास पहारेकरी बसवलेले असतात. कटिंगच्या बाजूला पत्र्याची खोपी, कंदील, आणि आळीपाळीने माणूस.

खांद्यावरच्या पिशवीत काय असतं? तीन रंग दाखवणारे हातदिवे, टॉर्च, लाल-हिरवी निशाणं, शिट्टी, वही आणि पत्र्याच्या डबीत फटाके. हे दिवाळीचे नव्हेत. चपट्या डबीसारखा हा फटाका रुळाच्या डोक्यावर पट्टीने बांधायचा. चाक त्यावरून गेलं की मोठा बार होतो आणि लोको पायलटला कळतं, पुढे धोका आहे, थांब. पावसाच्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही, धुक्यात दिवा दिसत नाही, पण हा बार इंजिनात बसलेल्या माणसाला चुकत नाही. नियम असा: धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका, आणि १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटर सोडून. एकेरी मार्गावर गाडी कुठूनही येऊ शकते. म्हणून धोक्याच्या जागी लाल दिवा ठेवायचा, जिकडून गाडी यायची आहे तिकडे आधी धावायचं, फटाके लावायचे, आणि मग दुसरी बाजू. वाचायला सोपं वाटतं. ओल्या खडीवरून, अंगावर रेनकोट, पायांत गमबूट आणि हातात दिवा घेऊन बाराशे मीटर धावणं काय असतं, ते धावलेल्यालाच माहीत.

नवीन आलेल्या पोरांना आमचे मुकादम पहिली गोष्ट शिकवायचे ती रेनकोटाच्या टोपीची. "बाळा, डोकं भिजू दे. टोपी मागे सार. कान झाकलेस तर तुझा काय उपयोग?" पुढे मुकादम झाल्यावर मीही तेच सांगत आलो. काळोखात डोळ्यांना टॉर्चपुरतंच दिसतं, बाकी सगळं काम कानांचं. पावसाचा आवाज एकसारखा असतो. त्यात वेगळा आवाज ओळखायचा. बारीक खडे घरंगळत येण्याचा आवाज. मूळ तुटताना होणारी कटकट. गटारातल्या पाण्याची बदललेली चाल. मोठी दरड येण्याआधी पुष्कळदा चार-दोन खडे येतात. त्या वेळी वर बघत उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं आणि मग बघायचं.

दिवसा वेगळ्या खुणा बघायच्या. काल सरळ असलेलं झाड आज वाकलेलं दिसतं का? कटिंगच्या माथ्यावर गवतात नवी भेग पडली आहे का? आधाराच्या भिंतीतल्या भोकांतून पाणी यायलाच हवं, ती भोकं त्यासाठीच ठेवलेली असतात; पण ते गढूळ यायला लागलं तर आतली माती वाहून जाते आहे. आणि वाहतं पाणी अचानक आटलं, तर त्याची भीती सगळ्यांत जास्त. भर पावसात पाणी आटत नाही. ते आत कुठेतरी साठायला लागलेलं असतं.

अशी एक रात्र सांगतो. म्हाताऱ्या पावसाचे दिवस, म्हणजे पुष्य नक्षत्र. तीन दिवस उघडीप नव्हती. आम्ही दोघे विलवड्याच्या बाजूने येत होतो. एका कटिंगच्या पायथ्याच्या गटाराला त्या दिवसांत गुडघाभर पाणी असायचं आणि त्याचा खळखळाट लांबून कानावर यायचा. त्या रात्री जवळ गेलो तरी आवाज नाही. टॉर्च मारला तर गटारात पाण्याचा एक बारीक धागा. रुळांवर काही नाही, खडी जागच्या जागी. माझा जोडीदार म्हणाला, "मुकादमानू, वर अडकलाय पाणी." मलाही तेच वाटलं. काही पडलेलं नसताना गाडी थांबवायची म्हणजे उद्या जाब द्यावा लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. रुळांच्या कडेला ठरावीक अंतरावर आणीबाणीच्या फोनची सॉकेटं आहेत, तिथे फोन जोडून स्टेशन मास्तरांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "पडायची खात्री नाही साहेब, पण हे गटार मी रोज बघतो." मास्तरांनी एक्सप्रेस स्टेशनातच धरून ठेवली. आम्ही दोन्ही बाजूंना फटाके लावले आणि दूर जाऊन उभे राहिलो. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. पहाटेकडे वरचा बांध फुटल्यासारखा आवाज झाला आणि लाल माती, जांभ्याचे चिरे आणि एक अख्खं फणसाचं झाड रुळांवर आलं.

सकाळी पोकलेन घेऊन गाडी आली, गँग जमली, दुपारपर्यंत मार्ग मोकळा केला. अडकलेल्या गाडीतले लोक स्टेशनात वैतागून फेऱ्या मारत होते, कुणी मास्तरांशी भांडत होतं. कुणाचं इस्पितळ होतं, कुणाची परीक्षा. त्यांचा राग मला समजतो. मला एवढंच वाटलं की त्यांच्यापैकी कुणाला तरी ते गटार नेऊन दाखवावं.

पाण्याची ठिकाणंही अशीच राखावी लागतात. पुलाच्या खांबांवर धोक्याच्या पातळीच्या खुणा रंगवलेल्या असतात. पाणी त्या खुणेला लागलं की वाहतूक बंद. माणगाव आणि वीरमधल्या काळ नदीवर, वीरच्या पुढे सावित्रीवर आणि चिपळूण-कामथे दरम्यान वाशिष्ठीवर पुराची सूचना देणारी यंत्रं बसवली आहेत. पानवलचा उंच पूल, गोव्यातले मांडवी आणि झुवारीवरचे पूल आणि होन्नावरचा शरावतीचा पूल इथे वारा मोजणारी यंत्रं आहेत; वारा फार झाला की गाडी पुलाच्या अलीकडे थांबते. पाऊस मोजणारी यंत्रं नऊ स्टेशनांत आहेत, त्यांत आमचं विलवडेही. बेलापूर, रत्नागिरी आणि मडगावचे नियंत्रण कक्ष पावसाळ्यात रात्रंदिवस जागे असतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वाशिष्ठीच्या पुलावर पाणी धोक्याच्या खुणेवर चढलं आणि गाड्या ठिकठिकाणच्या स्टेशनांत उभ्या करून ठेवल्या. हजारो प्रवासी अडकले. पण ते स्टेशनांत अडकले. पूर ओसरला म्हणून लगेच गाडी सोडता येत नाही. खांबाच्या पायाची माती खरवडून गेली का, पुलाला लागून असलेला भराव खचला का, हे उतरून पाहावं लागतं. मग पहिली गाडी माणसाच्या चालीने पलीकडे न्यायची, आम्ही तिच्या बाजूने चालायचं आणि चाकाखाली रूळ किती दबतो ते बघायचं.

बोगद्यात पाऊस पडत नाही, म्हणून लोकांना ती जागा सुरक्षित वाटते. ६ ऑगस्ट २०२० ला मडुरे आणि पेडणेच्या दरम्यान बोगद्याच्या आतल्या भिंतीचा भाग ढासळला, आणि गाड्या पुणे, मिरज, लोंढा अशा लांबच्या वळशाने न्याव्या लागल्या. २०२४ च्या जुलैत त्याच पेडण्याच्या भागात बोगद्यात चिखलपाणी शिरलं, आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी दरड येऊन जवळजवळ दिवसभर मार्ग बंद राहिला. डिझेलच्या काळात लांब बोगद्यात काम करताना धुराने डोळे चुरचुरायचे, गाडी गेल्यावर बराच वेळ समोरचा माणूस दिसायचा नाही. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं आणि तो धूर गेला, याचा आनंद आमच्याइतका कुणाला झाला नसेल. त्याबरोबर नवी काळजी आली. पंचवीस हजार व्होल्टची तार डोक्यावर आली. पूर्वी रुळांवर फांदी पडली की आम्ही कोयत्याने तोडून बाजूला करत होतो. आता ओली फांदी तारेला टेकलेली असेल तर प्रवाह बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत तिच्या जवळही जायचं नाही.

फुरशाबद्दल सांगायलाच हवं. रत्नागिरी जिल्ह्यात हा साप फार. बिळात पाणी शिरलं की तो उंच कोरडी जागा शोधतो, आणि आसपास सगळ्यांत उंच, पाणी न साठणारी जागा म्हणजे रुळांखालची खडी. खडीच्याच रंगाचा, वीतभर-हातभर लांब. टॉर्चमध्ये तो दिसेलच असं नाही. अंगावरचे खवले घासून तो आवाज करतो, तेवढीच काय ती सूचना. गमबूट घसरतात, पाय आंबवतात, तरी ते काढू नका असं मी पोरांना ओरडून सांगायचो ते या फुरशामुळे.

या मार्गावरचा वर्षातला सगळ्यांत मोठा प्रवास नेमका पावसातच होतो. गणपती भाद्रपदात येतात. मुंबई-पुण्याचा चाकरमानी एका आठवड्यात गावाकडे लोटतो, जादा गाड्या सुटतात, एकेरी मार्गावर एक गाडी पुढे काढायला दुसरी तासन् तास बाजूला उभी ठेवावी लागते. त्या दिवसांत आम्हाला रजा नसते. माझं घर रुळांपासून फार लांब नाही. चतुर्थीला घरी आरती चालू असायची, आणि वारा तिकडून असला तर झांजेचा आवाज बीटवर ऐकू यायचा. मग गाडी यायची, मी हिरवा दिवा धरून बाजूला उभा राहायचो, डब्यातूनही भजनाचा आवाज यायचा आणि पुढे जायचा. त्या गाडीतली माणसं आपापल्या गणपतीसमोर वेळेत पोचावीत म्हणून आपण इथे आहोत, याचं मला मनापासून समाधान वाटायचं. घरच्यांनी मात्र माझी वाट बघायची कधीच सोडून दिली होती. हे ट्रॅकमनच्या घरोघरचं आहे.

आमच्याच कामाचे दुसरे लोक भोर घाटात आहेत. कर्जत ते लोणावळ्याच्या चढावर मध्य रेल्वेची हिल गँग असते. पावसाळ्याआधी ही माणसं दोरांवरून कड्यावर उतरतात, पहारीने ठोकून प्रत्येक धोंड्याचा आवाज ऐकतात आणि जो पोकळ वाजेल तो दोन गाड्यांच्या मधल्या वेळात स्वतः खाली पाडतात. पाऊस पाडील त्याआधी आपण पाडायचा. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

आता यंत्रं पुष्कळ आली आहेत आणि आणखी येतील. कॅमेरे आले, उताराची हालचाल टिपणारी साधनं आली. ती यायलाच हवीत. रात्रीच्या पावसात माणूस चालायला लावणं ही काही हौस नव्हे. पण यंत्र जिथे बसवलं तिथलंच सांगतं. डोंगर कुठून सुटेल हे तो आधी कळवत नाही. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला काल काय होतं ते आठवत असतं, आणि आज त्यात काय बदललं ते त्याला खुपतं. हे जाणून या माणसांना चांगला दिवा, चांगला रेनकोट, बसायला न गळणारी खोपी आणि पुरेशी विश्रांती मिळालीच पाहिजे. पावसाळ्यापुरत्या घेतलेल्या हंगामी माणसांनाही तेच मिळालं पाहिजे. दरड कायमचा नोकर आणि हंगामी नोकर असा भेद करत नाही.

प्रवाशांना माझं सांगणं आहे. पावसात गाडी मध्येच उभी राहिली तर खाली उतरू नका. बोगद्यात किंवा पुलावर तर मुळीच नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुराने वेढली गेली, तेव्हा हजाराहून अधिक लोक डब्यातच थांबून राहिले आणि मदत पथकांनी, नौदलाने, गावकऱ्यांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढलं. डबा ही त्या वेळी सगळ्यांत सुरक्षित जागा असते. चालत्या गाडीतून बाटली, नारळ, काहीही बाहेर भिरकावू नका. काळोखात तिथे पेट्रोलमन उभा असतो आणि गाडीच्या वेगाने आलेली बाटली डोकं फोडते. आणि कटिंगच्या माथ्यावर ज्यांची आंब्या-काजूची बाग आहे, त्यांनी तिथलं रेल्वेचं गटार बुजवू नये, त्यात पालापाचोळा लोटू नये, तिथे माती उकरू नये. वर नवी भेग दिसली, झाड कललेलं दिसलं, रुळांवर दगड दिसला, तर उद्यावर न टाकता जवळच्या स्टेशनात जाऊन सांगा, किंवा १३९ वर फोन करा.